कुलपातली देग

वली परकार यहुदी झाला, ही बातमी अल हिलाल वस्तीत जुम्म्याच्या नमाजानंतर निघाली आणि दुपारनंतरची असरची अजान व्हायच्या आत अल वक्र्याला पोचली. दोह्यात बातमीला सिग्नल लागत नाही. एक म्हणाला, त्याने टोपी बदलली. दुसरा म्हणाला, हल्ली तो शनिवारी कामाला हात लावत नाही. तिसऱ्याने तर कसम खाऊन सांगितलं की त्याच्या घरची किलोभर कोलंबी कचऱ्याच्या पेटीत दिसली. आणि रायगडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे की गावाकडचे इस्राएल लोक खवलं नसलेला मासा तोंडात घालत नाहीत. झालं, पुरावा पक्का!

तर आधी हे निस्तरू. टोपी तीच होती, धुवून आटली होती. शनिवारची सुट्टी त्याच्या कंपनीने त्या वर्षापासून सगळ्यांनाच दिली होती. आणि कोलंबी टाकली उजमाने, म्हणजे त्याच्या बायकोने, कारण त्यांचा फ्रिज बंद पडला होता. एसी-फ्रिजच्या सुट्या भागांचं गोडाऊन सांभाळणाऱ्या माणसाच्या घरचा फ्रिज बंद पडतो, यावर हसायचं सोडून लोक त्याचा धर्म तपासत बसले. वलीने फक्त यहुद्यांची एक गोष्ट सांगितली होती, बस. पण ती सांगायची पाळी त्याच्यावर का आली, ते मात्र हसण्यासारखं नाही. म्हणजे, सगळंच नाही.

वली अलिबागेकडचा. अंगाने काटकुळा, दाढी नेटकी, आणि कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा की तो चालू लागला की नवी नवरी आल्यासारखा छुमछुम आवाज व्हायचा. गोडाऊनमध्ये त्याचा एकच कायदा: स्लिप. खुद्द मॅनेजर थर्मोस्टॅट मागायला आला तरी हा हात पुढे करून उभा. “सर, स्लिप.” आमच्या व्हिलात, म्हणजे खोल्याखोल्यांनी भाड्याने दिलेल्या बंगल्यात, कुणी त्याच्याकडे पाना मागितला की तो द्यायचा, पण परत येईपर्यंत त्या माणसाकडे असा बघायचा, जशी काही मुलगीच सासरी धाडलीय. असा माणूस दिसल्यावर कोकणी जमातीने दुसरा विचारच केला नाही. देग त्याच्या ताब्यात दिली.

ही देग म्हणजे साधं भांडं नव्हे. तांब्याची, आतून कल्हईची, दोन माणसांनी दोन कड्या धरल्याशिवाय न हलणारी. जमातीने सगळ्यांच्या खिशातून कोकणातून मागवली होती. लग्न असो, बाळाच्या जावळाचा अकीका असो, रमजानची इफ्तारी असो, ज्याच्या घरी पंगत त्याने देग न्यायची आणि घासून परत आणून ठेवायची. एक रीत मात्र न सांगता सगळे पाळत: देग मागणाऱ्याला कारण विचारायचं नाही. अल हिलालच्या आमच्या जुन्या व्हिलात जिन्याखाली एक कपाट होतं. देग तिथं राहायची, आणि कपाटाला वलीचं कुलूप.

त्याच व्हिलात प्लायवुडच्या भिंतीपलीकडे मुदस्सिर मामू राहायचे. उजमाचे सख्खे मामा, बंदरावर कारकून. वलीला कतारचा व्हिसा त्यांनी काढून दिला, विमानतळावर घ्यायला तेच गेले, आणि खोली मिळेपर्यंत त्याला आपल्या खाटेवर झोपवून स्वतः खाली सतरंजीवर पडले. मामूंचा दीन-धरम जुन्या वळणाचा. घरात कुणी गुजरलं की त्याच्या नावाने जेवण शिजवायचं, जेवण समोर ठेवून फातेहा, म्हणजे कुराणाच्या आयती आणि दुवा, पढायचा, मग गोरगरिबांना बोलावून वाढायचं. आई-बाप हेच करत आले होते.

वली इथं आल्यावर रहमान नावाच्या दोस्ताबरोबर दर आठवड्याला दर्सला, म्हणजे दीन शिकवणाऱ्या बैठकीला, बसू लागला. वाचलं, विचारलं, घोकलं, आणि त्याचं मत बनलं: मेलेल्यासाठी दुवा मागा, भुकेल्याला जेवू घाला, दोन्ही सवाबाची, पुण्याची कामं. पण जेवण समोर मांडून दोन्हींची गाठ मारायची, ही मागाहून घुसलेली बिदत. त्याने हे मत कुणाच्या भीतीने धरलं नव्हतं. त्याला ते खरंच पटलं होतं.

यावरून मामा-जावयाची रोज झुंपायची, आणि भिंत प्लायवुडची असल्यामुळे सगळ्या व्हिलाची फुकट करमणूक व्हायची.

“वल्या, माझ्या फातेह्याने तुझ्या पोटात दुखतंय, आणि माझं गोश्त खाल्लंस की बरं वाटतंय होय रे?”

“मामू, तुम्ही फातेहा सोडा, मी गोश्त सोडतो.”

“मग तू मरशील उपाशी! उजमाच्या हातचं खाऊन माणूस किती दिवस टिकतंय?”

मग आतून उजमाचा लाटण्याचा आवाज यायचा आणि दोघंही गप्प.

मग २००२ साली, थंडी सरता सरता, गावी मामूंची आई गेली. मामूंनी खुरूज मागितला, म्हणजे देश सोडायला मालकाची परवानगी. मालक परदेशी गेलेला. सहीचा कागद हातात पडला तोवर माती होऊन गेली होती. मामू तो कागद खिशात घालून कामावर गेले. तिथं कुणाशी बोलले नाहीत, इथंही नाहीत. फक्त चाळिसावं जवळ आलं तेव्हा एका संध्याकाळी वलीच्या दारात आले.

“वल्या, देग काढून ठेव. जुम्म्याला आईचं चाळिसावं आहे.”

“फातेहा आहे?”

“मग काय बड्डे आहे?”

वलीने किल्ल्यांच्या जुडग्यावर हात ठेवला. “माफ करा, मामू. देग नाय मिळायची.”

मामूंना आधी चेष्टाच वाटली. “चल, यल्ला, काढ.”

“चेष्टा नाय. बाकी काय म्हणाल ते करतो. पण माझ्या हाताने बिदतीला भांडं देणार नाय. उद्या अल्लाला जाब मलाच द्यायचाय.”

मामूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग कुलपाकडे पाहिलं.

“तुझी आहे देग?”

 मामू चप्पल घालून निघून गेले. त्या दिवशी उजमाने ताट वाढलं, पण समोर बसली नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, “मला नानीनं वाढवलंय, तुम्हांला ठाऊक आहे ना?” ठाऊक होतं. पण माणसाला आपलं खरं सापडलं की तो त्याला नव्या गाडीसारखं जपतो. दुसऱ्याला ओरखडा पडला तरी चालेल, आपल्याला पडता कामा नये.

जुम्म्याला व्हिलाच्या हौशात, म्हणजे मागच्या अंगणात, मामूंनी शेगड्या मांडल्या. शेजारच्या मल्याळी कुटुंबाचा कुकर, कुणाची पातेली, कुणाचा अॅल्युमिनियमचा टोप. गोश्त कसंबसं निभावलं, पण भात दगा देऊन गेला. एका टोपात करपला, दुसऱ्यात कच्चा राहिला, कुकरातला खीर होऊन बसला. आणि माणसं तर येतच होती. मामूंनी औद्योगिक वसाहतीतल्या बिनकुटुंबाच्या पोरांनाही बोलावलं होतं, कारण आईच्या नावाने घरचं जेवण त्यांनाच खरं पोचतं. बीडकडचा संपत ड्रायव्हर आपल्या चार सोबत्यांना घेऊन आला होता. वाढपी डावाचं टोक बुडवून भात वाढत होते. मामू फाटकाशी उभे राहून निघणाऱ्या प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरत होते. “माफ करा, आज जरा कमी पडलं.”

“काय बोलता, मामू!” संपत पोटावर थापट्या मारत म्हणाला. “गच्च झालंय. आता दोन दिवस जेवायला नको.”

वली त्या पंगतीला नव्हता. तो मशिदीत लवकर जाऊन बसला होता. असर पढून परतताना कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात त्याला संपत दिसला. उभ्या उभ्या, ऑम्लेट भरलेला पराठा दोन्ही हातांनी तोंडात कोंबत होता. वलीला पाहताच त्याने हात पाठीमागे नेला, चोरी पकडल्यासारखा. तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, “वलीभाई, मामूला नका सांगू हां. आईचं जेवण होतं त्याचं. लई वाईट वाटंल.”

बस, तिथंच वली संपला. म्हणजे चालत घरी आला, हातपाय धुऊन वुजू केलं, संध्याकाळची मगरिब पढली, सगळं रीतसर. पण त्या दिवसापासून तो कॅफेटेरियाची गल्ली सोडून लांबच्या रस्त्याने मशिदीत जाऊ लागला. हे सगळ्या अल हिलालने पाहिलं, आणि चालण्याने तब्येत सुधारतेय म्हणून त्याची तारीफही केली.

दोन महिन्यांत मामूंनी अल वक्र्याला खोली घेतली. बंदराला जवळ पडतं, म्हणाले. त्यांचं सामान खाली आणायला वली धावला, तर मामूंनी शांतपणे सांगितलं, “राहू दे. तुझ्या हातून जाणारं सामान तपासून द्यावं लागतं तुला. आम्हाला घाई आहे.” वलीची मुलगी हिबा जिन्यात उभी होती. इंग्रजी शाळेत जाणारी पोर, मराठी सगळी कळते, उत्तर मात्र इंग्रजीत. ती वर बघून म्हणाली, “अब्बा, दॅट वॉज नॉट फेअर.” तिला कुणी सांगितलं होतं? प्लायवुडने.

वलीची खरी पंचाईत अशी की त्याला साधी वाट मिळत नव्हती. मत चुकलं असतं तर तौबा केली असती, मामूंचे पाय धरले असते, खलास. त्याने पुन्हा पुन्हा किताबं उघडली, पुन्हा जाणत्यांना विचारलं. मत दर वेळी धडधाकट निघायचं. आणि त्या धडधाकट मताच्या शेजारी संपतचा तो पाठीमागे गेलेला हात असायचा. रहमान म्हणायचा, “तू हकच्या, खऱ्याच्या बाजूने उभा राहिलास, तुला कसलं दुःख?” वली मान हलवायचा आणि त्याला घास उतरायचा नाही. खोटं बोलून मामूंकडे जावं, तर दीन जातो. खरं धरून घरी बसावं, तर मामू गेलेलेच आहेत. वर्षभर माणूस असा वाळला की किल्ल्यांच्या वजनाने पँट खाली यायला लागली. आम्ही त्याला पट्टा घे म्हणून चिडवायचो. तो हसायचाही नाही.

आणि मग त्याला डॅनियल मास्तर आठवले.

डॅनियल मास्तर पेणकर वलीच्या गावचे, त्याला गणित शिकवलेले. बेने इस्राएल; शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत आणि त्यांच्या प्रार्थनाघरालाही लोक मशीदच म्हणत. त्यांची बहुतेक घरं कुलपं लावून इस्रायलला गेली होती. वली पहिल्यांदा कतारला निघाला, तेव्हा निरोप घ्यायला गेला तर मास्तर प्रार्थनाघराच्या पायरीवर बसलेले. यहुद्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्या दिवशी दहा भरत नव्हते.

“मी येऊ का मास्तर? एक तर एक वाढेल.”

“तू चालायचा नाहीस रे बाबा,” मास्तर हसले. “पण तुझं आमीन चालेल.” आणि त्यांनी गोष्ट सांगितली. त्यांचा पुतण्या तिकडे हसीद म्हणवणाऱ्या, नाचत-गात प्रार्थना करणाऱ्या लोकांत ऊठबस करायचा, त्याच्याकडून ऐकलेली.

एका थंड मुलखातल्या गावात यहुद्यांचे दोन तट होते. एक हसीदांचा, दुसरा त्यांच्या विरोधकांचा. विरोधक म्हणायचे, हे नाचगाणं म्हणजे धर्म बुडवणं. हसीदांच्या गुरूला, रेब्बेला, ते भर रस्त्यात शिव्या द्यायचे. एकदा त्या विरोधकांच्या म्होरक्याच्या घरी बापाच्या श्राद्धासारखा दिवस होता. बाहेर बर्फ, माणसं भरली नऊ. दहावा मिळेना, प्रार्थना अडली. रेब्बेला कळलं, तसा तो अंगावर कोट चढवून निघाला. चेले आडवे आले: त्या घरात तुम्हाला शिव्या देतात! रेब्बे म्हणाला, “त्यांचं म्हणणं मला पटत नाही, आणि तिथं जाऊनही पटणार नाही. पण त्यांचा दहावा माणूस अडवून ठेवायचा हक्क मला कुणी दिला?” तो गेला. कोपऱ्यात उभा राहिला. स्वतःची प्रार्थना स्वतःच्या पद्धतीने, ओठांतल्या ओठांत म्हटली. आणि मेलेल्यासाठी दुवा झाली तेव्हा त्या खोलीतलं सगळ्यांत मोठं आमीन त्याचं होतं. परतताना चेल्याने विचारलं, मग खरं कुणाचं, त्यांचं की आपलं? रेब्बे म्हणाला, “आपलं. म्हणून तर जाऊ शकलो. ज्याचं खरं डळमळीत असतं, त्यालाच दुसऱ्याच्या उंबऱ्याची भीती वाटते.”

तेव्हा वलीने ही गोष्ट एका कानाने ऐकली होती, कारण दुसरा कान मुंबईच्या एस.टी.कडे लागला होता. आता इतक्या वर्षांनी ती त्याच्या छातीवर येऊन बसली. मामूंचा दहावा माणूस त्याने कपाटात कोंडून ठेवला होता.

मामूंच्या आईची बरसी जवळ आली. उजमाने सहज बोलल्यासारखं सांगितलं, “मामू हॉटेलातून पार्सलं मागवणार म्हणे. देग कोण मागेल पुन्हा?”  दुसऱ्या दिवशी वलीने देग काढली, जुन्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, पेशावरी कल्हईवाल्याकडून आरशासारखी करून आणली, आणि जुम्म्याला सकाळी संपतच्या पिकअपमध्ये चढवली. संपत गाडी चालवताना तीनदा त्याच्याकडे बघून चौथ्यांदा म्हणाला, “वलीभाई, मामू हाकलून देतील.”

“देऊ दे.”

अल वक्र्याला मामूंनी दार उघडलं. समुद्राच्या वाऱ्यात त्यांचा लेंगा फडफडत होता. त्यांनी देग पाहिली, मग वली.

“पटलं मग?”

“नाय.”

“मग कशाला आलास?”

“देग आणलीय.”

“गेल्या सालची भूक या साली भरतंय होय रे?”

वलीची मान खाली गेली. “नाय भरत, मामू. संपत त्या दिवशी कॅफेटेरियात…” इथं संपतने मागून त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की वाक्य तिथंच मेलं. वलीने घसा खाकरला. “फातेह्याला मी हात उचलणार नाय. आत बसणार नाय. पण ढवळायला माणूस लागेल. मी ढवळतो.”

मामू दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, “मीठ मी टाकीन. तुझा भरवसा नाय.”

वलीने ढवळलं. मार्चचं ऊन, खाली जाळ, हातात फावड्याएवढा डाव, दाढीतून घाम गळतोय. भात असा उतरला की शीत शीत मोकळं. मग पहिली ताटं आत गेली, मामूंनी फातेहा पढायला घेतला, आणि वली बाहेर देगेपाशी पाठ वळवून उभा राहिला. कुराणाच्या आयती तो ओठांत म्हणत होता, त्या तर त्याच्याही होत्या. शेवटी मामूंनी दुवा मागितली: या अल्ला, माझ्या आईला माफ कर, तिची कबर रुंद कर, मी तिच्या मातीला पोचलो नाही, मला माफ कर. मामूंचा आवाज तिथं फाटला. आत बसलेल्यांचं आमीन यायला क्षणभर उशीर झाला. आणि त्या क्षणात बाहेरून, देगेपासून, एक आमीन आलं, असं मोठं की समोरच्या घरातल्या बायकांनी खिडकी उघडली.

मामू बाहेर आले. डोळे पुसलेले नव्हते. त्यांच्या हातात एक झाकलेली ताटली होती.

“धर. फातेह्याच्या आधी काढून ठेवलंय. तुझ्या दीनला बट्टा नाय लागायचा. खा.”

वलीने ताटली घेतली, उकिडवा बसला, झाकण काढलं, पहिला घास हातात घेतला, आणि तो घास तोंडापर्यंत जाईना. वर्षापूर्वी याच माणसाला त्याने फातेह्याच्या आधी काय काढून ठेवलं होतं? कुलूप. तो तिथंच, देगेला टेकून, पोरासारखा रडला. मामूंनी समजूत घातली नाही. शेजारी उभे राहून ताटलीवरच्या माश्या हाकत राहिले. संपत मात्र तीनदा वाढून घेऊन जेवला, आणि या वेळी पोटावर थापट्या मारायला त्याला हात उचलवत नव्हता.

आता सगळं गोड झालं म्हणायला मलाही आवडलं असतं. पण मामू अल हिलालला परत आले नाहीत. वलीशी बोलतात, हसतात, पण पूर्वीची ती झोंबाझोंबी गेली. कॅफेटेरियाची गल्लीही वली अजून टाळतो. त्याला विचारलं तर तब्येतीचं कारण सांगतो.

रहमानला त्या आमीनचा पत्ता लागला तेव्हा तो तणतणत आला. वलीने त्याला मास्तरांची गोष्ट सांगितली. रहमानने अर्धी ऐकली आणि पूर्ण करून पसरवली. पुढच्या जुम्म्याला तो हौशात सगळ्यांदेखत उभा ठाकला. तेव्हा वली जिन्याखालच्या कपाटातून कुणाच्या तरी अकीक्यासाठी देग ओढून काढत होता. कपाटाला कुलूप नव्हतं.

“सांग आता चारचौघांत,” रहमान म्हणाला. “फातेहा मानायला लागलास, की त्या मास्तरचा दीन घेतलास? लोक काय म्हणतात माहीत आहे ना?”

वलीने देगेची एक कडी सोडली आणि कमरेत हात ठेवून सरळ झाला.

“यहुदी झालो असतो तर कोलंबी पेटीत टाकली नसती, तुझ्या घरी पाठवली असती. मत माझं होतं तेच आहे, रहमान. देग माझी नव्हती.”